संत कोलंबा नेसीचा साक्षीदार नाही

"इ.स. ५६५ मध्ये संत कोलंबाने लॉक नेसमधला राक्षस पाहिला, मठातल्या साधूंनी लिहून ठेवलंय, म्हणजे नेसी १४०० वर्षांपासून तिथे आहे!" हे पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होतंय. नेसी म्हणजे स्कॉटलंडच्या लॉक नेस सरोवरात राहतो असं म्हणतात तो राक्षस, आणि कोलंबा म्हणजे आयर्लंडहून आलेला सहाव्या शतकातला साधू, स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरच्या मठाचा संस्थापक. मला कोलंबा मनापासून आवडतो म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे सरोवर. मूळ गोष्टीत सरोवर नाहीच, नेस नदी आहे. काठावर लोक एकाला पुरत होते, पोहताना त्याला पाण्यातल्या प्राण्याने चावून मारलेलं. तरी कोलंबाने आपल्या लुग्ने नावाच्या साथीदाराला पलीकडची होडी आणायला पाण्यात पाठवलं, प्राणी जबडा उघडून त्याच्यावर धावला, कोलंबाने हवेत क्रूस काढून त्याला मागे फिर म्हटलं आणि तो दोरांनी ओढल्यासारखा मागे पळाला.

"लिहून ठेवलंय" हे खरं, पण कधी? कोलंबा ५९७ ला वारला आणि चरित्र लिहिलं अ‍ॅडमनानने, आयोनाच्या नवव्या मठाधिपतीने, साधारण १०० वर्षांनी. त्याला प्राणिशास्त्र लिहायचं नव्हतं, चमत्कारांवर त्याने आख्खा भाग लिहिलाय, त्यात स्काय बेटावरचं रानडुक्करही कोलंबाच्या नुसत्या शब्दाने मरतं! मग त्याला का नाही कोणी शोधत?

५६५ हे सालही अ‍ॅडमनानने या गोष्टीला दिलेलं नाही. बीड (Bede) या आठव्या शतकातल्या इंग्रज साधू-इतिहासकाराच्या ग्रंथात कोलंबा ब्रिटनमध्ये आला ते साल ५६५ आहे, आयर्लंडच्या बखरींप्रमाणे ५६३.

१४०० वर्षांची परंपरा म्हणाल तर नेसीचा गाजावाजा सुरू झाला १९३३ ला, स्थानिक पेपरातल्या बातमीपासून. कोलंबाला त्यानंतर मागे नेऊन चिकटवलंय. १९३४ चा तो लांब मानेचा प्रसिद्ध फोटोही बनावट निघाला.

आणि त्याच चरित्रातून प्राणीच उचलायचा असेल तर मठाच्या दुधाच्या चरव्या वाहणारा पांढरा घोडा घ्या ना. शेवटच्या दिवशी म्हातारा कोलंबा कोठारातून परतताना वाटेत दम खायला बसला, घोडा आला, त्याच्या कुशीत डोकं ठेवून रडायला लागला, सेवक हाकलायला गेला तर कोलंबा म्हणाला, राहू दे त्याला. मग खोलीत जाऊन तो स्तोत्राची नक्कल करत बसला, पान संपलं तिथे थांबला, पुढचं बाईथीनला, म्हणजे त्याच्यानंतरच्या मठाधिपतीला, लिहू दे म्हणाला, आणि त्याच रात्री चर्चमध्ये वेदीसमोर त्याने प्राण सोडला.