डोली आहे, पण खुर्ची खालीच राहते

‘डोलीची सोय असल्यामुळे व्हीलचेअरवरच्या पर्यटकांनाही अजिंठा आरामात पाहता येतो’, हे तुमच्या अजिंठ्यावरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही, ताई. मी जळगावचा, अजिंठा आम्हाला जेमतेम 60 किलोमीटर. 14 वर्षं व्हीलचेअरवर आहे, गेल्या हिवाळ्यात डोलीतूनच गेलो होतो. उचलणारी माणसं फार जपून नेतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाहीच. पण डोली म्हणजे दांड्यांना बांधलेली खुर्ची. पाठीला पट्टा नाही, पाय लोंबकळतात. कमरेखाली ताकद नसलेल्याला पायऱ्यांवर अंग सावरता येत नाही. भावाने सगळ्या वाटेत माझा खांदा घट्ट धरून ठेवला होता. आणि माझी खुर्ची खालीच! 1 नंबरच्या लेण्याच्या दाराशी डोली ठेवली, मग पुढे काय? दोघांनी उचलून पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर नेलं. त्याच्या हातातलं कमळ नीट दिसायला लागलं, तोवर त्यांचे हात भरून आले.

डोंगर फोडून रॅम्प करा असं मी म्हणत नाही. रॅम्पला 1:12 चा उतार लागतो, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. त्या कड्यावर ते सगळीकडे जमणार नाही, कळतं. पण लेण्यांच्या आतली जमीन बरीचशी सपाट आहे. रबरी चाकांची एक हलकी घडीची खुर्ची डोलीबरोबर वर नेली, तर माणूस आत स्वतःच्या हाताने फिरू शकतो, हवं तितका वेळ थांबू शकतो. ‘आरामात’ऐवजी लेखात एवढं टाकाल का?