‘काका, तुम्ही कधी सर्व्हर चालवलाय का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

माइनक्राफ्ट या ब्लॉक रचून जग उभारायच्या खेळाच्या नव्या सर्व्हरवर (सगळे मिळून ज्या जगात खेळतात ते चालवणाऱ्या संगणकावर) पहिले वीस खेळाडू कसे आणायचे, या माझ्या लेखावर तुम्ही काल रात्री लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की नवा सर्व्हर चोवीस तास उघडा ठेवू नका, आठवड्यातून दोन दिवस ठरलेल्या वेळीच उघडा. त्यावर तुम्ही म्हणता, “काका, तुम्ही कधी सर्व्हर चालवलाय का? बंद दुकानात गिऱ्हाईक येतं का?” पुढे सल्ला आहे: जाहिरात करा, खेळाडूंच्या मतांवर सर्व्हरची क्रमवारी लावणाऱ्या साइटवर नाव घाला, रँक (पैसे देऊन मिळणारे खास दर्जे) विकून खर्च काढा. रात्री नऊची वेळ नोकरी करणाऱ्यांना आणि परदेशातल्या मराठी मुलांना जमत नाही, असंही आहे. आणि शेवटी माझ्या लेखातली पोर्टची (सर्व्हरमध्ये शिरायच्या दाराच्या नंबरची) चूक.

आधी चूक. फोनवरच्या बेडरॉक आवृत्तीसाठी राउटरवर १९१३२ हा पोर्ट टीसीपीने उघडा, असं मी लिहिलं होतं. तो यूडीपी हवा (टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धती). संगणकावरच्या जावा आवृत्तीचा २५५६५ टीसीपीवर चालतो, त्याच ओघात लिहून गेलो. लेखात दुरुस्ती केली आहे, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. पण त्याला जोडून “ज्याला एवढंही कळत नाही त्याने शहाणपण शिकवू नये” हे लिहायची काही गरज नव्हती. चूक दाखवायला माणसाचा पाणउतारा करावा लागत नाही.

आता ‘काका’. माझं वय ३६, आणि वयाचं मला काही वाटत नाही. पण हा शब्द आपल्याकडे मायेने वापरतात, तुम्ही तो समोरच्याला गप्प करायला वापरलात. माझ्या सर्व्हरवरची अकरा-बारा वर्षांची मुलं मला काका म्हणतात. क्रीपरने (खेळातल्या फुटणाऱ्या राक्षसाने) घराची भिंत उडवली की हक्काने हाक मारतात. तो हक्क त्यांनी माझ्याबरोबर खेळून मिळवला आहे. तुम्ही तर स्वतः कोणता सर्व्हर चालवता, तेही लिहिलेलं नाही.

‘चालवलाय का’ याचं उत्तर मात्र सविस्तर देतो.

२००६ साली मी अकरावीत होतो. कोल्हापुरात मामेभावाचा सायबर कॅफे होता, दहा मशिनं, तासाला वीस रुपये. सगळ्या मशिनांवर काउंटर-स्ट्राइक १.६ हा गोळीबाराचा खेळ लॅनवर, म्हणजे मशिनं एकमेकांना जोडून, चालायचा. कॅफे सकाळी नऊला उघडायचा आणि दिवसभर पोरं डोकावून जायची. दोघंच बसलेले दिसले की “नंतर येतो” म्हणून निघून जायची. भावाने दर कमी करून पाहिला, काही फरक पडला नाही. मग दाराशी फळा लावला: रोज संध्याकाळी सहा वाजता, पाच विरुद्ध पाच. दोन आठवड्यांत सहा वाजता दहाही मशिनं भरायला लागली आणि मागे उभं राहून बघणारी पोरं वेगळी. मशिनं तीच, खेळ तोच, दरही तोच. सहा वाजता दुसरा कोणीतरी नक्की येणार, एवढंच पोरांना ठाऊक झालं होतं.

तुम्हाला वाटेल लॅनचा जमाना वेगळा होता. म्हणून २०२० चंही सांगतो. टाळेबंदीत पुण्याच्या भाच्यासाठी मी घरातल्या जुन्या मशिनवर पेपर नावाचं सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर टाकून सर्व्हर उभा केला. फोनवरच्या मुलांना आत येता यावं म्हणून गीझर नावाचं जोडसॉफ्टवेअरही जोडलं. चोवीस तास चालू, अगदी तुम्ही सांगता तसा. तीन हजार रुपये जाहिरातीवर घातले. महिना झाला तरी सर्व्हर ओसाड दिसायचा, म्हणून एका रात्री बसून लॉग (कोण कधी आलं-गेलं याची सर्व्हरची नोंद) वाचले. एका दिवसात अकरा जण येऊन गेले होते. अकरा! आणि त्यातले दोघंही एका वेळी आत नव्हते. एक सकाळी दहाला आला, एक दुपारी दीडला, एक रात्री बाराला. प्रत्येकाने आत आल्यावर तीन-चार मिनिटं इकडेतिकडे पाहिलं, एकाने “कोणी आहे का” असं लिहिलं, आणि गेला. तो प्रश्न वाचायला तिथे कोणीच नव्हतं. ती ओळ मला आजही आठवते. तो मूळ लेख लिहायला बसलो तोही तिच्यामुळेच.

खेळाडू येत नव्हते असं नव्हतंच. येत होते, पण एकमेकांना भेटत नव्हते. त्या महिन्यानंतर मी सर्व्हर बंद केला आणि बुधवार-शनिवार रात्री नऊ ते अकरा एवढाच उघडू लागलो. पहिल्या बुधवारी भाचा, त्याच्या इमारतीतली चार मुलं आणि मी, असे सहा जण होतो. जाहिरातीतून आलेल्या अकरांपेक्षा हे सहा जास्त होते, कारण ते एका वेळी होते.

बंद दुकानाची तुमची उपमा म्हणूनच चुकते. दुकानात गिऱ्हाइकाला दुसरं गिऱ्हाईक लागत नाही, तालमीत जोड लागते. पैलवान पहाटे पाचला येतो तो जोडीदार असणार म्हणून. कोल्हापूरच्या कुठल्याही तालमीत विचारा, आखाडा दिवसभर उघडा ठेवून लढती वाढतात का.

माइनक्राफ्टमध्ये तर हे जास्तच लागू आहे. एका जगाची रुंदी जवळपास ६ कोटी ब्लॉक असते. दहा जणांना त्यात मोकळं सोडलं तर ते महिनाभर एकमेकांच्या नजरेला पडणार नाहीत. म्हणून मी वर्ल्डबॉर्डर (जगाची हद्द) लावून सुरुवातीला हजार बाय हजार ब्लॉकच ठेवा म्हणालो, म्हणजे कोणाची तरी मशाल दिसते, कोणाचं तरी अर्धवट घर लागतं. खेळाडूंची कमाल संख्या मुळात वीस असते, ती वीसच राहू द्या म्हणालो तेही याचसाठी. यादीत नाव बघणाऱ्याला ६/२० आणि ६/१०० यातला फरक लगेच जाणवतो. सर्व्हर बंद असताना कोणाचं नुकसान होईल, अशीही तुम्हाला काळजी आहे. होत नाही. सर्व्हर बंद म्हणजे ते जगच थांबलेलं, आणि एरवीसुद्धा खेळाडू जवळपास नसेल तर तिथला गहू वाढत नाही. कोणी मागे पडत नाही. हे सगळं लेखात होतं. तुम्ही ते वाचून लिहिलं असतंत तर मला हे इथे पुन्हा लिहावं लागलं नसतं.

मतांच्या साइटविषयी फार लिहीत नाही. मत दिल्याची खबर व्होटिफायर नावाचं जोडसॉफ्टवेअर सर्व्हरला देतं, खेळाडूला बक्षीस मिळतं, बक्षीस घेऊन तो पुढच्या सर्व्हरवर जातो. मी करून पाहिलं आहे. रँक विकण्याचं म्हणाल तर पैसे घेऊन हिऱ्याची तलवार किंवा खेळात वरचढ ठरवणारी कुठलीही गोष्ट देणं मोयांगने (माइनक्राफ्ट बनवणाऱ्या कंपनीने) २०१४ सालीच अमान्य केलं आहे. सजावटीच्या वस्तू विकता येतात, ताकद नाही. आणि नियम नसता तरी मी ते केलं नसतं. बारा वर्षांच्या मुलाने तीन शनिवार खणून मिळवलेलं दुसऱ्याने वडिलांच्या खात्यातून एका मिनिटात घ्यावं, हे माझ्या सर्व्हरवर होणार नाही.

वेळ जमत नाही, या मुद्द्यावर एवढंच सांगतो की सगळ्यांना जमेल अशी वेळ कुठल्याच खेळाला नसते. ज्यांना नऊ जमत नाही त्यांनी आपली वेळ ठरवावी, आपले सहा जण जमवावेत. तुम्ही हा मुद्दा नीट विचारला असतात तर त्यावर निवांत बोललो असतो. “झोपेत लिहिलाय का लेख” या वाक्यानंतर ती इच्छा राहत नाही.

पहिल्या वीस जणांना मी नावाने ओळखतो. कोण रेडस्टोनची (खेळातल्या विजेसारख्या लाल भुकटीची) यंत्रं बनवतो, कोणाला अंधाऱ्या गुहेची भीती वाटते, कोणाची परीक्षा कधी आहे, सगळं ठाऊक आहे. एका मुलीचं घर कोणीतरी टीएनटीने उडवलं, तेव्हा त्याच रात्री मी कोअरप्रोटेक्टने (झालेले बदल उलटवणाऱ्या जोडसॉफ्टवेअरने) ते वीट न वीट परत उभं केलं आणि पुढच्या बुधवारी ती आपल्या दोन मैत्रिणींना घेऊन आली. तीन हजारांच्या जाहिरातीने मला अशी एकही व्यक्ती दिली नाही.

उद्या बुधवार आहे. खरोखर बघायचं असेल तर तुमचं खेळातलं नाव संध्याकाळपर्यंत कळवा, व्हाइटलिस्टमध्ये (आत सोडायच्या नावांच्या यादीत) घालावं लागतं. नऊ वाजता उघडतो.