‘वेडात’ हा शब्द आधी येतो

पुतण्या शिवजयंतीच्या कार्यक्रमात कुसुमाग्रजांची ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ ही कविता म्हणणार आहे. भावाने तालमीचा व्हिडिओ पाठवला. पोराचा आवाज खणखणीत आहे, एकही शब्द अडखळत नाही. फक्त वेळ कमी म्हणून शेवटचं कडवं गाळलंय. सगळीकडून आग उसळते त्या कडव्यावर तो मूठ वर करतो आणि तिथेच संपवतो.

त्याच आठवड्यात इथे इंग्लंडमध्ये माझी मुलगी जेवणाच्या टेबलावर इंग्रज कवी टेनिसनची ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ ही कविता घेऊन बसली होती. परीक्षेला आहे. क्रिमियाच्या युद्धात, २५ ऑक्टोबर १८५४ ला, बालाक्लावाच्या दरीत सुमारे ६७० ब्रिटिश घोडेस्वार रशियन तोफांवर सरळ चालून गेले. शंभरावर मेले, त्याहून जास्त जखमी झाले. सेनापती लॉर्ड रॅग्लन उंचावर उभा होता. त्याला दिसत होत्या त्या तोफा दरीतल्यांना दिसत नव्हत्या, आणि त्याने पाठवलेल्या हुकुमाच्या चिठ्ठीत कुठल्या तोफा ते धड लिहिलेलं नव्हतं. ‘का’ विचारणं शिपायांचं काम नव्हतं, ही त्या कवितेतली ओळ जगभर म्हण होऊन बसली आहे. पण मुलीने पेन्सिलीने खूण केली होती ती त्याच्या थोड्या आधीच्या ओळीला: कुणाची तरी चूक झालीय, हे त्या शिपायांना ठाऊक होतं. बाईंनी वर्गात विचारलं होतं, कवी कुणाला दोष देतो?

मी भावाला फोनवर हे सांगितलं. म्हटलं, पोरांना कवितेबरोबर, महाराजांच्या ज्या पत्रामुळे ते सात जण दौडले त्याचीही गोष्ट सांगा. तो चिडला. म्हणाला, “दादा, तिकडे बसून हे बोलणं सोपं आहे. इथे गावोगाव पोरं भरतीसाठी पहाटे धावतात. त्यांना काय सांगू, प्रतापराव चुकले?”

त्याचं बोलणं मला लागलं, कारण त्यात तथ्य आहे. ज्याच्या घरातलं कुणी सीमेवर नाही त्याने शौर्याची चिरफाड करताना जपून बोलावं. तरीही मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

उमराणीला कोंडीत सापडलेल्या आदिलशाही सरदार बहलोलखानाला महाराजांचे सरनौबत, म्हणजे सेनापती, प्रतापराव गुजरांनी अभय दिलं आणि तो पुन्हा उलटला. त्याला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका, अशा अर्थाचं महाराजांचं पत्र गेलं, असं बखरी सांगतात. २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीच्या खिंडीत प्रतापराव सहा जणांना घेऊन खानाच्या फौजेवर तुटून पडले. सातही गेले. राज्याभिषेक जेमतेम साडेतीन महिन्यांवर होता. पत्रात जीव द्या असं कुठे म्हटलं होतं? आज्ञा मनाला लागली आणि तिचं वेड झालं. कुसुमाग्रजांनी हे लपवलेलं नाही. ‘वीर’ आणि ‘सात’ नंतर येतात, ‘वेडात’ आधी.

त्याच कवितेत ‘माघारी वळणे नाही मराठी शील’ अशी ओळ आहे. लहानपणी ही ओळ म्हणताना माझ्या अंगावर काटा यायचा, आजही येतो. पण ज्यांच्या पत्राची ही कविता, त्या महाराजांनी १६६५ ला पुरंदरच्या तहात २३ किल्ले दिले, पुढच्या वर्षी आग्र्याहून निसटले, आणि मग बहुतेक सगळं परत मिळवलं. माघार घेऊन माणसं राखणं हेही मराठी शीलच होतं. आवेशाच्या ओळीत हे मावत नाही, म्हणून ते तोंडी सांगावं लागतं.

आपल्या भाषेने शिपायाच्या मरणाला फार सुंदर शब्द दिले: धारातीर्थी पडले, कामी आले, वीरगती. तीच भाषा हिशेबात किती निर्दय होते तेही पाहावं. पानिपतानंतरच्या सांकेतिक पत्रात दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये, खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोत्यांची नावं आपल्याला माहीत आहेत, विश्वासराव आणि भाऊ. खुर्दा म्हणजे शिपाई. नेसरीच्या त्या सहांच्या नावांवरही अभ्यासकांचं एकमत नाही.

इंग्रजांनी काही वेगळं केलं असं मुळीच नाही. कविता घरोघर पाठ झाली, आणि १८९० मध्ये बालाक्लावाहून वाचून आलेले म्हातारे अन्नाला मोताद आहेत हे उघड झाल्यावर त्यांच्यासाठी निधी उभारावा लागला. त्यासाठी फ्लॉरेन्स नाइटिंगेलने मेणाच्या नळकांड्यावर आपला आवाज नोंदवून दिला. मी तो ऐकला आहे. खरखरीतून एक थकलेली बाई आपल्या बालाक्लावाच्या जुन्या सोबत्यांसाठी देवाकडे आशीर्वाद मागते. छत्तीस वर्षं गौरवगीत चालू होतं आणि ज्यांचा गौरव तीच माणसं उपाशी होती.

म्हणून मी भावाला पुन्हा फोन केला. कविता कमी करायची तर मधलं एखादं कडवं गाळा, म्हटलं, शेवटचं नको. त्यात दगडांवर टाचा आहेत, ओढ्यात रक्ताचा रंग आहे, आणि कुणीतरी वाऱ्यावर विराणी गातं आहे. कुसुमाग्रजांनी तुतारीवर संपवलेलं नाही.

भाऊ थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “विराणी म्हणजे काय, हे पोराने मला विचारलं होतं. मी म्हटलं, ते आपल्याला म्हणायचं नाहीये.” उद्या पोराच्या बाईंशी बोलतो म्हणाला.