दीड वर्षाच्या पोराला पुस्तक कशाला?

आमच्या घरच्या ग्रुपवर हा मजकूर तिसऱ्यांदा आला. थोडक्यात असा: तीन वर्षांखालच्या मुलांना प्राण्यांची पुस्तकं आणणं म्हणजे पैसे पाण्यात. त्यांना चित्र कळत नाही, पानं चावतात. त्यापेक्षा मोबाइलवर चालता-बोलता हत्ती दाखवा. पुस्तकातली बोलणारी जनावरं खुळचट कल्पना भरवतात. हौसच असेल तर सरळ प्राणिसंग्रहालय गाठा.

‘चित्र कळत नाही.’ नऊ महिन्यांचं बाळ चित्रातली वस्तू उचलायला बघतं, हे खरंच आहे. मानसशास्त्रज्ञ जुडी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ते नोंदवलं, अमेरिकेतल्या बाळांत आणि पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमधल्याही. पण त्याच अभ्यासातली १९ महिन्यांची मुलं चित्र ओरबाडायचं सोडून त्याकडे बोट दाखवत होती. मधल्या महिन्यांत पुस्तक हातातच आलं नाही तर ती हे शिकणार कुठे? चावण्याची एवढी धास्ती असेल तर जाड पुठ्ठ्याची पुस्तकं त्यासाठीच असतात.

‘व्हिडिओत हालचाल आणि आवाज असतो.’ असतो, आणि तिथेच गोची आहे. माझी भाची सतरा महिन्यांची असताना गाईच्या पानावर अडली होती. बोट शेपटीवर. मी म्हटलं, “शेपूट. माश्या हाकलते.” पान उलटू देईना. पुन्हा बोट, पुन्हा “शेपूट”. असं सात-आठ वेळा झालं. दुसऱ्या दिवशी माझी वेणी धरून म्हणाली, “शेपू!” व्हिडिओतली गाय तिचं बोट पोचेपर्यंत कधीच निघून गेली असती आणि मीही बहुधा भाजी चिरायला उठले असते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ च्या शिफारशींत दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच म्हटलंय, हे त्या मजकुरात सोयीस्करपणे गाळलेलं दिसतं.

बोलणाऱ्या जनावरांबद्दल मात्र मजकूर अगदीच चूक नाही. माणसासारखं वागणाऱ्या प्राण्याची गोष्ट ऐकल्यावर लहान मुलं खऱ्या प्राण्यालाही माणसाचे गुण चिकटवतात, असं २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणून चड्डी घातलेल्या अस्वलाच्या जोडीला साधं, हुबेहूब चित्रांचं एक पुस्तक हवं. माझी खरी तक्रार वेगळीच आहे. आपल्या पुस्तकांतला ससा कायम पांढरा, लाल डोळ्यांचा. माळावर पळतो तो मातकट ससा कुणी काढतच नाही. उंदीर आणि हत्ती शेजारशेजारच्या पानांवर सारख्याच आकाराचे. पेंग्विन हमखास, घोरपड नाही. बाकी खुळचट कल्पनांचं म्हणाल, तर चिऊचं घर मेणाचं ऐकत वाढलेली आमची पिढीसुद्धा चिमणीचं घरटं वळचणीलाच शोधायची.

राहिलं प्राणिसंग्रहालय. जरूर न्या. आम्हीही भाचीला नेलं. वाघ लांब सावलीत झोपलेला, तिला दिसलाही नाही. ती तासभर पायाशी फिरणाऱ्या कबुतरांमागे धावली. घरी आल्यावर पुस्तक काढून एकेक पान उलटत गेली. कबुतर त्यात नव्हतंच. शेवटचं पान झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे बोट दाखवलं.