जंताची गोळी दर तीन महिन्यांनीच का?

कुत्रा पाळणाऱ्या कुणालाही विचारा, जंताची गोळी किती दिवसांनी? उत्तर ठरलेलं: "तीन महिन्यांनी." हा आकडा चुकीचा नाही. पण तो ज्या कुत्र्याबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही, त्याच्यासाठी काढलेला सरासरी आकडा आहे. युरोपातल्या पशुवैद्यकांची एस्कॅप ही संस्था हेच म्हणते: धोका किती आहे ते कळत नसेल, तर वर्षातून निदान चार वेळा द्या. म्हणजे कळत असेल तर हिशेब बदलायला हवा. आपल्याकडे मात्र तिसऱ्या मजल्यावरचा शिह त्झू आणि मेंढरांमागे फिरणारा धनगरी कुत्रा, दोघांच्या कार्डावर एकच तारीख पडते.

आधी एक गैरसमज काढून टाकू. जंताची गोळी ही लस नाही. आज दिलेली गोळी आज आतड्यात असलेले जंत मारते आणि एक-दोन दिवसांत शरीराबाहेर निघून जाते. उद्या सकाळी कुत्र्याने मातीतलं काही चाटलं, तर नवी लागण उद्यापासूनच सुरू. त्यामुळे "गोळी दिली, आता तीन महिने बघायला नको" या वाक्याला अर्थ नाही.

मग किती दिवसांनी द्यायची हे ठरतं कशावर? अंडं किंवा अळी पोटात गेल्यापासून जंत मोठा होऊन विष्ठेत अंडी पडू लागेपर्यंत जो काळ जातो, त्यावर. गोलकृमीला साधारण चार ते पाच आठवडे लागतात. हुकवर्मला दोन ते तीन आठवडे. चाबूककृमी, ज्याला डॉक्टर व्हिपवर्म म्हणतात, त्याला जवळजवळ तीन महिने. पिसवांमुळे होणाऱ्या पट्टकृमीला दोन-तीन आठवडे. आता तीन महिन्यांच्या वेळापत्रकात हे बसवून बघा. गोळीनंतर दुसऱ्याच दिवशी हुकवर्मची लागण झाली, तर पुढच्या गोळीपर्यंत दोन महिन्यांहून जास्त काळ तो कुत्रा अंडी टाकत फिरणार. घरात रांगणारं मूल किंवा केमोथेरपी घेणारं माणूस असेल आणि कुत्रा मोकळा फिरणारा असेल, तर तीन महिने हे अंतर लांब आहे. तिथे दर महिन्याला हाच हिशेब बरोबर.

पिल्लांच्या बाबतीत मात्र चर्चेला जागाच नाही. गोलकृमीच्या अळ्या आईच्या शरीरात दडून असतात आणि गाभणपणात वारेतून पिल्लात उतरतात. जन्मल्यानंतर दुधातूनही येतात. हुकवर्म तर दुधातून येतोच. म्हणून पिल्लू घराबाहेर पडलेलं नसलं तरी त्याला जंत आहेत असंच धरायचं. दोन आठवड्यांचं झाल्यावर पहिला डोस, मग आठ आठवड्यांचं होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. आईलाही पिल्लांबरोबरच औषध, कारण ती पिल्लांची शी चाटून साफ करते.

"दीड महिन्याचं झालं की लसीच्या वेळी बघू" म्हणून थांबणारे खूप. तोवर हुकवर्मने पिल्लू पांढरं पडलेलं असतं. हा जंत आतड्याला चावून रक्त पितो. हिरड्या फिक्या, शी डांबरासारखी काळी, पिल्लू सुस्त, अंग गार. असं दिसलं तर घरी सिरप पाजत बसू नका, त्याला कदाचित रक्त चढवावं लागेल. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, बरगड्या दिसणारं पिल्लू असेल तरीही पहिला डोस डॉक्टरांच्या नजरेखालीच द्या. एकदम मेलेल्या जंतांचा गोळा आतडं तुंबवू शकतो.

सहा महिन्यांनंतर कुत्रा बघून ठरवायचं.

शहरातला फ्लॅटमधला कुत्रा घ्या. पट्ट्यावर फिरतो, शिजवलेलं किंवा पाकिटातलं खातो, कचरा हुंगला तरी तोंडात घेऊ देत नाहीत, पिसवा नाहीत. मोठ्या कुत्र्यात गोलकृमीच्या अळ्या बऱ्याचदा आतड्यात वाढण्याऐवजी स्नायूंत जाऊन दडतात, त्यामुळे असा कुत्रा अंडी टाकत असेलच असं नाही. माझं मत: याला डोळे मिटून चार वेळा गोळी देण्यापेक्षा वर्षातून दोन ते चार वेळा शी तपासा आणि काही सापडलं तर औषध द्या. अमेरिकेतली सीएपीसी ही तज्ज्ञ संस्थाही मोठ्या कुत्र्याची वर्षातून किमान दोनदा तपासणी सांगते. तपासणी करायचीच नसेल, तर मग चार गोळ्या निमूट द्या. तपासणीही नाही आणि गोळीही नाही, असा मधला मार्ग नसतो.

बंगल्याचं अंगण, फार्महाऊस, कोकणातली वाडी, गावातला मोकळा कुत्रा ही गोष्ट वेगळी. उबदार ओल्या मातीत हुकवर्मची अळी आठवडाभरात तयार होते आणि ती तोंडावाटेच नव्हे, पंजाच्या कातडीतूनही शिरते. माणसाच्या अनवाणी पायातही शिरते आणि कातडीखाली नागमोडी, खाजरी रेघ ओढत जाते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत अशा कुत्र्याला दर महिन्याला आणि उरलेल्या वर्षात दर तीन महिन्यांनी, हे मला रास्त वाटतं. शिवाय अंगणातली शी रोजच्या रोज उचला. गोलकृमीचं अंडं पडल्या पडल्या लागण करत नाही, त्याला मातीत दोन-तीन आठवडे तरी लागतात. पण एकदा मातीत मुरलं की ते वर्षानुवर्षं टिकतं आणि मग फिनाईलने काहीही होत नाही. फावडं आणि प्लास्टिकची पिशवी हे इथलं सगळ्यात स्वस्त औषध.

तिसरा प्रकार सगळ्यात दुर्लक्षित आहे आणि त्यावर थोडं सविस्तर लिहायलाच हवं. मेंढपाळांची कुत्री, खाटकाच्या दुकानाबाहेर बसणारी कुत्री आणि हल्ली "रॉ डाएट"च्या नावाखाली कच्ची वजडी, फुफ्फुस, कलेजी खाणारी शहरी कुत्री. मेंढीच्या किंवा बकऱ्याच्या कलेजीत-फुफ्फुसात पाण्याने भरलेले फुगे दिसतात, त्यांना हायडॅटिड म्हणतात. ते कुत्र्याने कच्चे खाल्ले की त्याच्या आतड्यात इवलेसे, काही मिलिमीटरचे पट्टकृमी हजारोंनी वाढतात. कुत्र्याला काही होत नाही, तो धडधाकट. पण त्याच्या शीतली अंडी माणसाच्या पोटात गेली की तेच फुगे माणसाच्या यकृतात, फुफ्फुसात वाढतात, आणि ते कळेपर्यंत कित्येक वर्षं जातात.

हा जंत साधारण साडेसहा आठवड्यांनी अंडी टाकू लागतो. म्हणून अशा कुत्र्याला दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल, म्हणजे पट्टकृमी मारणारं औषध लागतं. तीन महिन्यांचं अंतर इथे उघडउघड अपुरं आहे. आणि याची अंडी मातीत मुरावी लागत नाहीत, ताज्या शीतली अंडीही लागण करतात. औषध जंत मारतं, अंडी नाही. म्हणून डोस दिल्यावर दोन दिवस कुत्रा बांधून ठेवा, शी गोळा करून जाळा किंवा खोल पुरा. मुळात कच्चं देणंच बंद करा. वजडी-फुफ्फुस अर्धा-पाऊण तास खळखळ उकळून दिलं तर प्रश्नच मिटतो. खाटकाने फुगेवाला तुकडा बाजूला काढून कुत्र्यापुढे टाकणं तर थांबायलाच हवं.

आता "शीमध्ये तांदळाचे दाणे दिसतात" ही तक्रार. शेपटीखाली चिकटलेले, ओले असताना काकडीच्या बीसारखे आणि वळवळणारे, वाळले की तांदळाच्या दाण्यासारखे. ते पट्टकृमीचे तुकडे. हा जंत पिसवेतून येतो: कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो, तिच्या पोटातली अळी त्याच्या पोटात जाते. प्राझिक्वांटेलने जंत मरतो, तीन आठवड्यांनी दाणे परत. लोक म्हणतात गोळी खोटी होती. गोळी खरी होती, पिसवा शिल्लक होत्या. त्यांचे कोष गादीत, सतरंजीत, फटीत असतात आणि तिथून नव्या पिसवा कित्येक आठवडे निघत राहतात. किमान तीन महिने पिसवांचं औषध न चुकवता चालू ठेवल्याशिवाय हे चक्र तुटत नाही.

शी तपासायला द्यायची तर ताजी, सुपारीएवढी, झाकणाच्या डबीत. त्याच दिवशी पोचवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. नुसत्या थेंबभर शीची काच बघण्यापेक्षा दाट द्रावणात घुसळून अंडी वर तरंगवून बघण्याची पद्धत कितीतरी भरवशाची, तीच करता का ते विचारून घ्या. "निगेटिव्ह" म्हणजे जंत नाहीत असंही नाही. ते अजून अंड्यावर आले नसतील, आणि पट्टकृमी तर या तपासणीत बऱ्याचदा निसटतो. औषधाने काम केलं का हे बघायचं असेल तर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

डोसमध्ये सगळ्यात मोठी चूक वजनाची. बाजारातल्या नेहमीच्या तिहेरी गोळीत प्राझिक्वांटेल 50, पायरँटेल 144 आणि फेबँटेल 150 मिलिग्रॅम असतं आणि ती 10 किलो वजनाला एक. 28 किलोच्या लॅब्रेडॉरला तीन गोळ्या लागतात. त्याला एक गोळी दिली तर 140 ऐवजी 50 मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल जातं. जंत मरत नाहीत, शिवाय जे तगतात ते औषधाला सरावतात. अमेरिकेत ग्रेहाउंड कुत्र्यांमधून पसरलेला, एकाहून जास्त औषधांना दाद न देणारा हुकवर्म आज तिथली डोकेदुखी आहे. म्हणून आधी वजन. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे, वजाबाकी करा. पिल्लाचं तर प्रत्येक डोसला नव्याने. पिल्लांचं पातळ औषध सहसा किलोला 1 मिलिलिटर, पण प्रत्येक कंपनीचं प्रमाण निराळं, बाटली वाचा. त्यात बहुधा प्राझिक्वांटेल नसतं, म्हणजे पट्टकृमीवर ते चालणार नाही. गाभण कुत्रीला तिहेरी गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका.

घरात मुलांसाठी आणलेली अल्बेंडाझोल 400 ची गोळी कुत्र्याला देऊ नका. 8 किलोच्या कुत्र्याला तो किलोमागे 50 मिलिग्रॅम होतो, आणि या औषधाने कुत्र्यांच्या अस्थिमज्जेला इजा होऊन पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स घसरल्याची उदाहरणं आहेत. पायपराझिनचं सिरप स्वस्त, पण गोलकृमीपलीकडे त्याची मजल नाही, आणि पायरँटेलबरोबर दिलं तर दोघं एकमेकांचं काम बिघडवतात. उपाशी ठेवणं, वरून एरंडेल पाजणं, याची आजच्या औषधांना गरज नाही. आणि लसूण! "नैसर्गिक" म्हणून रोज पाकळ्या चारणाऱ्यांनी लक्षात घ्या, लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

गोचिडांचा हिशेब मात्र अगदी उलटा. फ्लॅटमधल्या ज्या कुत्र्याला जंताची गोळी कमी केली तर चालेल, त्याचंच गोचिडाचं औषध आपल्या हवेत बारा महिने लागतं. लोक नेमकं उलट करतात: जंताची स्वस्त गोळी भक्तिभावाने आणि गोचिडाची महाग गोळी "उन्हाळ्यात बघू" म्हणून. आपल्याकडचा तपकिरी गोचीड घरातच पिढ्या काढतो. एक टम्म मादी खाली उतरून हजारोंनी अंडी घालते, भिंतीच्या फटीत, चौकटीमागे, पलंगाखाली. त्याच्यापासून एर्लिकिया, बबेसिया होतो, ज्याला सगळे मिळून टिक फीवर म्हणतात. ताप, नाकातून रक्त, कॉफीच्या रंगाची लघवी, घसरलेल्या प्लेटलेट्स. त्या उपचाराच्या खर्चात वर्षभराच्या गोळ्या येतात.

गोचिडासाठीची फ्लुरालॅनरची गोळी 12 आठवडे चालते. 12 आठवडे म्हणजे 84 दिवस, "तीन महिने" नव्हे. दर वेळी तारखेला तारीख लावली की सात-आठ दिवसांची फट पडते, आणि गोचिडाला तेवढी पुरते. ही गोळी जेवणाबरोबर द्या, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. अफॉक्सोलॅनर आणि सॅरोलॅनर महिन्याच्या गोळ्या. या सगळ्या गोळ्या गोचिडाला पळवत नाहीत, तो चावल्यावर मरतो. त्यामुळे अंगावर एखादा गोचीड दिसला म्हणजे औषध निकामी असं नाही. दुसऱ्या दिवशीही टम्म फुगलेले जिवंत गोचीड दिसले तर विचार करा. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या गटाच्या औषधांबद्दल झटक्यांचा इशारा दिला आहे.

मानेवर टाकायचं फिप्रोनिल केसांवर ओतलं तर वाया. केस बाजूला करून कातडीवर, आणि आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नाही. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं काहीही कुत्र्याला लावू नका, मांजर मरतं.

आणि गोचिडासाठी कुत्र्याला टोचतात ते गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन. एक टक्का म्हणजे मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम, गुरांना 50 किलोला 1 मिलिलिटर. त्याच प्रमाणात 10 किलोच्या कुत्र्याला 0.2 येतं. सिरिंजवरच्या दोन-चार रेघा चुकल्या की डोस दुप्पट. कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड या जातींच्या कुत्र्यांत एका जनुकदोषामुळे हे औषध मेंदूत शिरतं, कुत्रा झिंगतो, आंधळा होतो, कोमात जातो. "गोचिडाचं इंजेक्शन द्या" असं म्हणण्याआधी त्यात काय आहे एवढं तरी विचारा.