तुरटीत पाणी असतंच, भाऊ

नमस्कार भाऊ. आमच्या दुकानाला ऑनलाइन एक तारा दिलात आणि सोबत कारणंही लिहिलीत, हे बरं झालं. नुसता तारा टाकून जाणाऱ्याला उत्तर तरी काय देणार?

तुमच्या तक्रारी अशा: 250 ग्रॅम तुरटी तव्यावर भाजली तर 140 ग्रॅम उरली, म्हणजे आम्ही पाणी मारून माल विकतो. मोरचूद (निळे खडे, म्हणजे कॉपर सल्फेट) कडेनं पांढरा पडला, म्हणजे रंग दिलेला. तुरटी फिरवूनही बोअरचं पाणी जडच राहिलं. आणि मोरचूद मागितला तर आमच्या माणसानं पोलिसासारखी चौकशी केली.

आधी तुरटी. पाणी आहे, हे तुमचं खरं. पण ते आम्ही मारलेलं नाही. तुरटीचा खडा घडतो तोच पाणी आत घेऊन. वजनानं शंभरात साडेपंचेचाळीस भाग पाणी असतं, आणि तरी खडा हाताला कोरडा ठणठणीत लागतो. तव्यावर टाकला की आधी स्वतःच्याच पाण्यात विरघळतो, मग खदखदतो, फेस वर येतो आणि शेवटी पांढरीशुभ्र, हलकी लाही फुलते. दंतमंजनात घालायला जुनी माणसं हीच फुलवलेली तुरटी नेतात. आता हिशोब बघा: 250 ग्रॅमची पूर्ण कोरडी लाही 136 ग्रॅम भरायला हवी. तुमची 140 भरली, म्हणजे थोडं पाणी अजून आत आहे. तुमच्याच तव्यानं आमचा माल चोख ठरवला की! मिठाचे खडे मिसळलेले असते तर ते तडतडून उडाले असते, फुलले नसते. फक्त आंच मंद ठेवत जा. फार तापवलं तर तुरटी जळते आणि गंधकाचा उग्र धूर डोळ्यांत जातो.

मोरचुदाचंही असंच. त्याच्यात शंभरात 36 भाग पाणी, आणि निळा रंग त्या पाण्यामुळेच. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पारा 45 ला टेकला आणि पुडी उघडी राहिली, की खड्याच्या कडा पांढरट, पिठूळ होतात. त्या पिठावर पाण्याचा एक थेंब टाका, डोळ्यांदेखत निळं होईल. एवढ्यानंही खात्री पटत नसेल तर मोरचूद पाण्यात विरघळवा आणि स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा त्यात थोडा वेळ बुडवा. खिळ्यावर तांबूस थर चढेल. ते तांबं आहे. निळा रंग दिलेल्या तुरटीतून हे होणं शक्य नाही.

(हिराकस, म्हणजे लोखंडाचं सल्फेट, नेणारेही असंच भांडतात. हिरवा खडा हवेत राहिला की गंजून पिवळट-तपकिरी होतो. हिरड्याच्या काढ्यात घालून शाई किंवा काळा रंग करणाऱ्यांचं त्यानं फार अडत नाही. पण पिवळ्या पडलेल्या पिकावर फवारायचा असेल तर हिरवाच घ्यावा, असं आम्ही स्वतः सांगतो.)

बोअरच्या पाण्याचं काम तुरटीचं नव्हेच. पावसाळ्यात तापीचं गढूळ पाणी भरलं तर तुरटी त्यातला गाळ गोळा करून तळाशी बसवते. विरघळलेले क्षार ती काढत नाही, म्हणून भांड्याला पांढरा थर धरणारच. आणि निवळलेलं पाणीसुद्धा उकळूनच प्यावं.

राहिली चौकशी. ती चालूच राहणार. त्यापायी तारे गेले तरी चालतील. खानदेशातला शेतकरी येतो, म्हणतो, "भाऊ, लिंबूले लावानं शे", आणि आमचा माणूस लगेच ओळखतो की डिंक्यासाठी (खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी) खोडाला बोर्डो मलम लावायचंय. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. फवारणीला तेच शंभर लिटरमध्ये. सोबत सांगतो की लोखंडी भांडं नको, प्लास्टिकचा ड्रम घे. हे मिश्रणही मजेशीर रीतीनं सापडलं. फ्रान्सच्या बोर्डो भागात द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्याच वेली केवडा रोगातून वाचल्या, हे मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञानं हेरलं आणि 1885 मध्ये जगापुढे मांडलं.

तुम्ही मात्र "दाढ दुखते, तिथं भरायचाय" म्हणालात. मोरचूद विष आहे, भाऊ. काही ग्रॅम पोटात गेले तरी जिवावर बेततं. पूर्वी डॉक्टर डोळ्यांतल्या खुपऱ्यांवर मोरचुदाची कांडी फिरवत, उलटी करवायलाही देत, हे आम्हालाही ठाऊक आहे. उलटीसाठी देणं त्यांनी कधीच सोडलं, कारण औषधापेक्षा अपाय मोठा. वैद्य लोक वापरतात तोही शोधन केल्यावर, म्हणजे आयुर्वेदाच्या रीतीनं शुद्ध करून, आमच्या गोणीतला नव्हे. दाढेसाठी तुरटीच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा आणि दातांच्या डॉक्टरकडे जा, असं आमच्या माणसानं सांगितलं, त्याचा तुम्हाला राग आला. नंतर "झाडाला लावायचाय" म्हणून तुम्ही पुडी नेलीत. ती झाडालाच लावली असेल, असं धरून चालतो.

भाजलेल्या तुरटीचे पैसे परत मिळणार नाहीत. मोरचूद नको असेल तर पुडी घेऊन या, वजन करून पैसे देऊ. तोवर तो घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा, वर "विष" अशी चिठ्ठी चिकटवा आणि स्वयंपाकघरातून बाहेर काढा. तुमच्या फोटोत तो साखरेच्या डब्याशेजारी दिसतोय.