नाव सोडून बोला

माझ्या ॲपचं पहिलं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं की तुम्ही शोधणार, आणि शोधलं की पुण्याच्या माणसाचं ॲप वर येणार. त्याची फुकट जाहिरात मी आधीच भरपूर केली आहे.

ॲप साधं आहे. आमच्या कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरात असतो. चौकोनात '१॥', पाहुणे आले त्या दिवशी '२॥', गावाला गेलो की फुली. महिनाअखेरीला गवळीमामांच्या वहीत नेमकी ती फुली नसते. मग दारात उभ्या उभ्या जो संवाद होतो, तो मिटवायला हे ॲप. गवळ्यानं लिटर टाकायचं, गिऱ्हाइकानं खाडा टाकायचा, बिल आपोआप. नाव झकास सापडलं होतं. प्ले स्टोअरवर शोधलं तेव्हा त्या नावाचं दुधाशी संबंध असलेलं काहीच नव्हतं. स्टिकर छापले, गोठ्यागोठ्यांवर चिकटवले. एक म्हशीनं चाटून काढला, तो शुभशकुन मानला.

मग आयफोनवाल्या गिऱ्हाइकांसाठी ॲपलच्या स्टोअरवर नाव भरलं, तर उत्तर आलं: हे नाव आधीच वापरात आहे. गूगलला एकाच नावाची चार ॲपं चालतात, ॲपलला चालत नाहीत. शोधलं तर पुण्याचे एक साहेब तिथं कधीचे ठाण मांडून बसलेले. ते फक्त आयफोनवर, आमचे सगळे गवळी अँड्रॉइडवर, त्यामुळं गाठच पडली नव्हती. नाव तेच, काम तेच, आणि चिन्हात म्हशीऐवजी गाय. कोल्हापूरच्या माणसाला यातलं शेवटचं दुःख जास्त लागतं.

"त्यानं बदलू दे की," शिवाजी पेठेतले काका म्हणाले.

"काका, तो आपल्या आधीपासून आहे."

"आधीपासनं म्हंजे? पंचगंगेच्या आधीपासनं हाय का? गाडी काढ, जाऊ पुण्याला."

गाडी निघाली, पण शाहूपुरीतल्या वकिलांकडं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की बाजारात नाव आधी कोणी वापरलं याला कायद्यात फार वजन आहे. आपण धावत जाऊन नोंदणी केली तरी आधीच्या वापरणाऱ्याला त्यावरून हटवता येत नाही. आणि बघायचं ते एवढंच, की अर्धवट आठवणीवर चालणाऱ्या साध्या गिऱ्हाइकाची दोन नावांत गल्लत होईल का. "तुमचं गिऱ्हाईक कसं आहे?" त्यांनी विचारलं. मी गवळीमामांना डोळ्यांसमोर आणलं आणि नवं नाव शोधायचं ठरवलं.

इथून खरा ताप सुरू झाला. ॲप बनवताना एकाही माणसानं मदत केली नव्हती. नाव ठेवायला अख्खी गल्ली आली. गंगावेशीत धारोष्ण दुधाचा ग्लास हातात आला, की प्रत्येकाला सुचायला लागायचं. मित्रांच्या प्रत्येक नावात 'कोल्हापुरी' हवंच. वकील म्हणाले, १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यात कलम ९ आहे. गावाचं नाव किंवा मालाचं नुसतं वर्णन करणारा शब्द एकट्याच्या मालकीचा सहसा होत नाही. म्हणजे 'कोल्हापुरी दूध' दोन्ही बाजूंनी बाद. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेसुद्धा आपले चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. हे ऐकल्यावर चर्चा दूध सोडून बेळगावकडं गेली आणि तो दिवस तिथंच संपला.

शेजारच्या निवृत्त गुरुजींनी 'दुग्धगणक' सुचवलं. गवळीमामांनी ते दोनदा म्हणून बघितलं आणि विचारलं, "हे जनावराला पाण्यातनं द्यायचं का पेंडीतनं?" आईला जोतिबाचं नाव हवं होतं. काकांनी एवढं लांबलचक नाव आणलं की स्टोअरची ३० अक्षरांची मर्यादा 'श्री' आणि 'प्रसन्न' यांच्यामध्येच भरली.

शेवटी बायकोनं भाकरी थापताना एक नाव सांगितलं आणि तेच ठरलं. ट्रेडमार्कच्या वर्ग ९मध्ये, म्हणजे ॲपं-सॉफ्टवेअर ज्यात येतात त्या वर्गात, अर्ज केला, ४५०० रुपये भरले. निकाल लागेपर्यंत गवगवा करू नका असं वकिलांनी बजावल्यामुळं तेही इथं सांगता येत नाही. जुन्या नावानं मात्र पाठ सोडलेली नाही. प्ले स्टोअरवर ॲप एकदा चढलं की त्याची आतली ओळख बदलता येत नाही. सासरचं नाव लावलं तरी शाळेच्या दाखल्यावर माहेरचंच राहावं, तसं ते पोटात बसलंय.

परवा गवळीमामांचा फोन आला. "आरं, तुझ्या ॲपात खाडा कुठं टाकायचा? समदं हलवून ठेवलंयस."

मला काही कळेना. चार गोष्टी विचारल्यावर उलगडा झाला. मामांनी नवा फोन घेतला होता आणि गोठ्यावरच्या स्टिकरवरचं नाव नातवाकडून शोधून घेतलं होतं. पुण्याचे साहेब मधल्या काळात अँड्रॉइडवरही आले होते. मी फोनवरून, अंदाजानं, त्यांच्या ॲपात मामांचा खाडा टाकून दिला. बिलही काढून दिलं. बरोबर आलं, हेही सांगितलं पाहिजे.

"झ्याक केलंयस बघ, पयल्यापेक्षा सोपं हाय," मामा खूश होऊन म्हणाले. "फकस्त म्हस काढून ती गाय कशापायी घातलीस, तेवढं सांग."